शब्दाची लांबी आणि शेलमधील एक जुना दोष

संगणकावर बोलींच्या शब्दसूची सिद्ध करणाऱ्या अभ्यासकास एक विचित्र अनुभव येतो. शेलच्या आज्ञांनी छापलेल्या सारणीत रोमन शब्दांचे स्तंभ सरळ उतरतात. देवनागरी शब्दांचे मात्र वाकडेतिकडे होतात. हा दोष लिपीचा की आज्ञेचा, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

१९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी रचलेल्या आणि पुढे चेट रेमी यांनी सांभाळलेल्या 'बॅश' या शेलमध्ये 'प्रिंटएफ' ही अंतर्भूत आज्ञा आहे. तिला स्तंभाची रुंदी २० सांगितली, तर शब्द भरून उरलेल्या जागा ती रिकाम्या सोडते. परंतु ही मोजणी कशाची? 'नागपूर' या शब्दात अक्षरे ४, युनिकोडची चिन्हे ६. आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाईट व्यापीत असल्याने बाईट १८. 'प्रिंटएफ' बाईट मोजते. म्हणून ती या शब्दामागे केवळ २ जागा सोडते. 'वऱ्हाडी' या ३ अक्षरी शब्दाचे बाईट २१ भरतात. त्यामागे एकही जागा राहत नाही. उलट, त्याच शेलला या शब्दांची लांबी विचारावी, तर तो ६ आणि ७ ही चिन्हसंख्या सांगतो. एकाच घरात दोन मापे!

याचे मूळ इतिहासात आहे. ही परंपरा रुजली तेव्हा एक वर्ण म्हणजे एक बाईट हे समीकरण गृहीत होते. केन थॉम्पसन व रॉब पाईक यांनी यूटीएफ-८ ची रचना केली ती १९९२ साली. पॉसिक्स मानकानेही या आज्ञेची रुंदी बाईटांतच सांगितली असल्यामुळे जुनी वागणूक एकाएकी बदलणे सोपे नाही. तिच्यावर विसंबून लिहिलेल्या आज्ञावली मोडतील. 'झेड-शेल'ने चिन्हे मोजण्याचा मार्ग पत्करला. कॉर्न शेलच्या '९३' या आवृत्तीने जुना संकेत तसाच ठेवून पडद्यावरील रुंदीसाठी निराळा संकेत दिला. दुसरा मार्ग अधिक विवेकाचा वाटतो. कारण त्यात जुन्या लेखनाचा अर्थ बदलत नाही.

तथापि केवळ स्तंभ वाकडे होणे ही क्षुल्लक हानी होय. शब्द ८ बाईटांवर तोडण्यास सांगितल्यास 'नागपूर'मधील पहिली दोन चिन्हे शाबूत राहतात आणि तिसरे अर्धवट तुटते. आज्ञा मात्र कोणतीही तक्रार करीत नाही. अशी सूची पुढे गणनेस घेतली, तर निष्कर्षच दूषित होतो.

शिवाय चिन्हे मोजूनही अक्षराचा प्रश्न सुटत नाही. 'ष्ट्र' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. युनिकोडच्या दृष्टीने ५ चिन्हे. तेव्हा आज्ञेची दुरुस्ती होवो वा न होवो, शब्दाची लांबी सांगताना ती बाईटांत, चिन्हांत की अक्षरांत मोजली, हे अभ्यासकाने आपल्या लेखात स्पष्ट नमूद करणे अगत्याचे आहे.