खाणीतली नोकरी मुलींचीही

चंद्रपूर, वणी, उमरेड या कोळशाच्या पट्ट्यात गटांच्या बैठका घेताना आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येतं, "खाणीत बाईमाणसाचं काय काम?" आज त्यावरच बोलू.

खाण बाईला नवी नाही. पूर्वी कोळशाच्या खाणीत नवरा कोळसा फोडायचा आणि बायको टोपलीतून वाहायची. १९३७ साली बायकांना जमिनीखाली काम करायला पूर्ण बंदी झाली. महायुद्धात मजूर कमी पडले तशा १९४३ मध्ये त्यांना पुन्हा खाली उतरवलं आणि १९४६ मध्ये परत बाहेर काढलं. १९५२ च्या खाण कायद्यानेही ही बंदी चालू ठेवली. जमिनीवरचं कामसुद्धा सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढंच.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने हे बदललं. उघड्या खाणीत रात्रपाळी आणि भुयारी खाणीत दिवसा तांत्रिक, देखरेखीची, व्यवस्थापनाची कामं बायकांना खुली झाली. त्यासाठी बाईची लेखी संमती लागते आणि पाळीत किमान तिघी असाव्या लागतात. २०२० च्या कामगार संहितेने तर सर्व प्रकारची कामं खुली केली. रात्रीसाठी संमती हवीच. झारखंडच्या हजारीबाग भागातली आकांक्षा कुमारी २०२१ मध्ये सेंट्रल कोलफिल्ड्सच्या चुरी भुयारी खाणीत अभियंता म्हणून रुजू झाली.

मग आपल्या मुलींनी शिकायचं काय? दहावीनंतर आयटीआय करता येतं. डंपर, पंप, पट्टे चालू ठेवायला इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक लागतातच. दुसरी वाट डिप्लोमाची. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात खाणकाम आणि खाण सर्वेक्षणाचा डिप्लोमा आहे. बारावी सायन्सनंतर नागपूरच्याच व्हीएनआयटीत खाण अभियांत्रिकीची पदवी घेता येते.

पण नुसत्या डिप्लोमावर थांबू नका. ओव्हरमन होऊन पाळीवर देखरेख करायची तर खाणीतला अनुभव, प्रथमोपचार आणि गॅस तपासणीची प्रमाणपत्रं लागतात, आणि धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा पास व्हावी लागते. बढतीची खरी शिडी ही आहे.

आता घरातली गोष्ट. कोळशासाठी जमीन जाते तेव्हा कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी अशी तरतूद आहे. त्या अर्जावर नाव कोणाचं, हे घरात ठरतं आणि बहुतेक घरांत विचार न करताच मुलाचं नाव जातं. २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. तिचं नाव सातबाऱ्यावर वेळेत लावून घ्या. संपादनाची नोटीस आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

नोकरी ठेकेदाराकडची असेल तर आधी चार गोष्टी विचारा. नेमणूकपत्र देणार का? पीएफ कापणार का? वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षा प्रशिक्षण कामावर जाण्याआधी होणार का? बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि तक्रार समिती आहे का? हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे, तो आपला हक्क आहे.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढं करावं: गावातल्या दहावी-बारावीच्या मुलींची यादी करावी आणि कुणाला कुठली वाट जमेल हे त्या मुलींनाच विचारावं.