तीन अटींचा कॅमेरा

वर्ध्याहून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी इथे राहायला आले तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. गजानन महाराजांच्या शेगावाशी टपालाचा घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर आणि वाकून आत शिरावे लागेल अशी बुटकी दारे असलेल्या इथल्या कुट्यांची ओळख चरखा, नई तालीम आणि प्रार्थनेमुळे आहे. याच अंगणात कृष्णधवल छायाचित्रणाची एक अस्सल शिस्तही घडली, याची आठवण मात्र फार थोड्यांना असते. ती घडवणारा तरुण म्हणजे गांधीजींचे पुतणे नारणदास यांचा मुलगा, कनू गांधी.

कनूंचा जन्म १९१७ चा. ते गांधीजींच्या कार्यालयात पडेल ते काम करत. विनोबांचे भाऊ शिवाजी भावे यांनी त्यांच्या मनात फोटो काढण्याची कल्पना रुजवली. आश्रमाकडे कॅमेऱ्यासाठी पैसे नव्हते. शेवटी गांधीजींच्या सांगण्यावरून घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले आणि रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. परवानगीबरोबर तीन अटीही आल्या: फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला पोज द्यायला सांगायचे नाही, आणि या छंदाचा खर्च आश्रमावर टाकायचा नाही. ही हकीकत एरवी गांधीजींच्या करडेपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. एवढ्या अडचणीतूनही पोराने फोटो काढलेच, असे कौतुक त्यापुढे येते. मला ही मांडणी उलटी वाटते. १९३८ ते १९४८ अशी साधारण दहा वर्षे कनूंनी जे काम केले त्याचा कस या अटींमधूनच आला. अटी नसत्या तर आपल्या हाती एका थोर माणसाचे चांगले फोटो आले असते. अटींमुळे त्या माणसाचे दिवस आले.

यासाठी आधी ते यंत्र नीट पाहायला हवे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात फ्रांके अँड हायडेके या कंपनीने १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स बाजारात आणला. एकावर एक दोन भिंगे, वरचे बघायला आणि खालचे फोटो घ्यायला. रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्ह येतात, एका रोलमध्ये बारा. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत, पोटाशी धरतात. फोटो घेणारा मान खाली घालून काचेवर उमटलेले चित्र पाहतो, आणि तेही डावे-उजवे उलटे. शटरचा आवाज जवळजवळ नाहीच. आता हे यंत्र सेवाग्रामच्या कुटीत ठेवून पाहा. तिथे सगळे जमिनीवर बसलेले. खुर्चीच्या जगात पोटाशी धरलेला कॅमेरा माणसाकडे खालून बघतो, पण बैठकीच्या जगात उभ्या माणसाच्या पोटाची उंची ही बसलेल्याच्या डोक्याची उंची असते आणि कॅमेरा मांडीवर घेतला की तो सरळ बसलेल्यांच्या ओळीत येतो. शिवाय मान खाली घातलेला माणूस समोरच्याला रोखून बघत नाही. प्रार्थनेला, सूतकताईला, पत्रलेखनाला बसलेल्या मंडळींत मान खाली घातलेला आणखी एक जण कुणाला खुपेल?

त्या काळातल्या फिल्मची प्रकाश टिपण्याची ताकद आजच्या मानाने फार थोडी होती. फ्लॅशशिवाय बुटक्या दाराच्या खोलीत फोटो घ्यायचा तर शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागे, म्हणजे हललेला हात धूसर येणार आणि कोपरे काळोखात जाणार. त्यामुळे खिडकीजवळ, ओसरीवर, अंगणात, सकाळच्या तिरप्या उन्हात जे घडते तेच नीट टिपता येई. आश्रमाचे बहुतेक आयुष्य नेमके तिथेच घडत होते. खर्चाची अटही अशीच आतून काम करते. वर्तमानपत्रांना फोटो विकून रोल आणायचा असेल तर बारापैकी एकेक फ्रेम मोजून खर्चावी लागते, आणि मोजून खर्चणारा माणूस थांबायला शिकतो.

याउलट, याच सुमारास अमेरिकेत कृष्णधवल छायाचित्रणाचा एक गाजलेला आखाडा म्हणजे बॉक्सिंगचे रिंगण. रिंगणाला खेटून बसलेले वृत्तपत्रांचे छायाचित्रकार मोठे स्पीड ग्राफिक कॅमेरे आणि एकदाच पेटणारे फ्लॅशचे बल्ब घेऊन एका क्षणावर टपलेले असत. २३ सप्टेंबर १९५२ रोजी रॉकी मार्सियानोचा उजवा ठोसा जर्सी जो वॉल्कॉटच्या जबड्यावर बसला. हर्ब शार्फमनच्या फोटोत तो चेहरा क्षणभर ओल्या मातीसारखा पिळवटलेला दिसतो. डोळ्याला कधीच दिसला नसता असा हा क्षण, आणि त्या छायाचित्रणाचे मोठेपण मी नाकारत नाही. पण त्याच परंपरेत ‘लुक’ मासिकात १८ जानेवारी १९४९ रोजी स्टॅनली कुब्रिकने केलेली वॉल्टर कार्टिये या मुष्टियोद्ध्याची चित्रमालिका आली. तिच्यात मन गुंतते ते ठोशांत नाही, सामन्याआधी खोलीत वाट बघत बसलेल्या माणसात. ठोसा सगळ्यांना दिसतो. वाट बघणे दिसायला छायाचित्रकाराला त्या खोलीत जागा मिळावी लागते. कनूंना ती जागा दहा वर्षे मिळाली, आणि त्यांच्यापुढे ठोसा कधी नव्हताच. सेवाग्रामचा इतिहास बैठकांचा, पत्रांचा, चालण्याचा, मौनाचा आहे.

परचुरे शास्त्रींचे उदाहरण घ्या. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, कुष्ठरोग झालेले. ते सेवाग्रामला आले आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करू लागले. कनूंच्या फोटोत गांधीजी त्यांच्यावर ओणवे झालेले दिसतात. कुष्ठरोग्याला हात लावणे तेव्हाच्या समाजात केवढी मोठी गोष्ट होती, हे फोटोतला कुणीच आपल्याला सांगत नाही. कुणी भिंगाकडे बघत नाही. रोजचे काम चालले आहे. फ्लॅश पडला असता तर तो प्रसंग झाला असता. कुष्ठरोगाचे जंतू पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकावर वाकलेले गांधीजी, टेलिफोन कानाला लावलेले गांधीजी, हरिजन फंडासाठी आगगाडीच्या खिडकीतून हात पुढे केलेले गांधीजी, या सगळ्यांत तीच चाल आहे. आगगाडीच्या फोटोत तर कॅमेरा डब्याच्या आत आहे. फलाटावरची गर्दी आपल्याला गांधीजींच्या बाजूने दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की घरचा माणूस, त्यातून अनुयायी, त्याचा कॅमेरा खरे कसे सांगेल? आक्षेप रास्त आहे आणि तो अर्धा मान्य करायला हवा. आज्ञेत वागणाऱ्या कॅमेऱ्याकडून आज्ञा देणाऱ्याविरुद्ध साक्ष मागता येत नाही. आश्रमातले रुसवे, मतभेद, गांधीजींच्या प्रयोगांची इतरांनी मोजलेली किंमत हे पाहायचे तर पत्रे आणि डायऱ्याच उघडाव्या लागतात. आगाखान पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडला तेव्हा कनू तिथे होते. गांधीजींनी फोटो काढू दिला नाही, म्हणून तो फोटो नाही. परक्या छायाचित्रकाराने कदाचित तो घेतला असता आणि इतिहासाला एक कागद जास्त मिळाला असता. पण कनूंनी कधी कॅमेरा खाली ठेवला हे आपल्याला माहीत असल्यामुळेच, उचलला तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. गांधीजींचा जगभर गेलेला फोटो कनूंचा नाही, मार्गारेट बर्क-व्हाइट यांचा आहे. पुण्यात १९४६ मध्ये ‘लाइफ’साठी त्या आल्या. आधी सूत कातायला शिका, असे त्यांना सांगण्यात आले. त्या शिकल्या, आणि मोजके फ्लॅशचे बल्ब वापरायची मुभा त्यांना मिळाली. फोटो थोर आहे. पण तो नीट पाहा: पुढे चरखा मोठा, मागे गांधीजी, आणि ते सूत कातत नसून कागद वाचत आहेत. चरखा तिथे चिन्ह म्हणून आला आहे. चिन्ह लोकांच्या लक्षात राहते, म्हणून तो फोटो राहिला. कनूंच्या चरख्यावर सूत निघते. लोकप्रियतेत ते मागे पडले याचे आणखी एक साधे कारण म्हणजे त्यांचे फोटो वर्षानुवर्षे पुस्तकांत आणि भिंतींवर त्यांच्या नावाशिवाय छापले गेले. १९८६ मध्ये ते वारले. त्यांच्या कामाचे साजेसे पुस्तक नजर फाउंडेशनने काढले ते २०१५ मध्ये. हा उशीर मनाला लागतो. विशेषतः वर्धा जिल्ह्यातल्या शाळांमधून ज्या गांधीजींचा चेहरा मुले पाहत मोठी होतात, त्यातला कितीतरी भाग याच माणसाच्या निगेटिव्हवरून आलेला असताना.

फ्लॅशची अट एका तरुण नातलगापुरती नव्हती. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री बिर्ला भवनात गांधीजींचा देह ठेवला होता. बर्क-व्हाइट लपवून कॅमेरा घेऊन आत गेल्या आणि त्यांनी फ्लॅश उडवला. शोकात बसलेली माणसे संतापली. कॅमेऱ्यातली फिल्म काढून घेण्यात आली आणि त्यांना बाहेर जावे लागले. हेन्री कार्तिये-ब्रेसाँ छोटा लायका घेऊन, आहे त्या उजेडात फोटो घेत राहिले. कनू गांधी त्या दिवशी नोआखालीत होते, गांधीजींनीच नेमून दिलेल्या कामावर.