विमा एजंटाला फोन करण्याआधी पगारपत्रक उघडा

आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, तेव्हा नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या अनेक लहान कारखानदारांना हायसे वाटले असेल. पण ती सवलत वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसीपुरतीच आहे. मालकाने कामगारांसाठी काढलेल्या गट विम्यावर १८ टक्के कर तसाच आहे. शिवाय तो विमा कायद्याने बंधनकारक नसेल, तर या कराचे क्रेडिटही मिळत नाही. लाखाच्या हप्त्यावर अठरा हजार सरळ खिशातून जातात. स्वतःहून कामगाराची काळजी घेणाऱ्यालाच हा भुर्दंड का? निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांनी हा प्रश्न लावून धरायला हवा.

तोवर लहान मालकाने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे: आधी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) पूर्ण वापरावी, विकतची पॉलिसी नंतर.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या वर्कशॉपमध्ये ईएसआय कापली जाते आणि तिथेच विसरली जाते. १८ हजार पगारावर मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये, कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १३५. महिन्याला एकूण ७२० रुपयांत कामगार, बायको-मुले आणि आश्रित आई-वडील यांचे उपचार होतात आणि त्यांच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. आजारपणातला बुडालेला पगार भरून देणे हे साध्या मेडिक्लेमचे कामच नाही. दवाखान्यातली रांग, औषधांची टंचाई या तक्रारी जुन्या आहेत आणि त्या सोडवल्याच पाहिजेत. पण त्यांच्यावर उपाय म्हणून दुसरा हप्ता भरत बसणे म्हणजे एकाच उपचाराचे पैसे दोनदा मोजणे.

खरी अडचण आहे ती ईएसआयसाठीच्या २१ हजार रुपये मासिक पगाराच्या रेषेची. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ ला ठरली. पगार तेव्हापासून वाढत गेले, रेषा मात्र तिथेच राहिली. पंधरा वर्षे मशीनवर उभा असलेला सीएनसी ऑपरेटर बावीस हजारांवर गेला, की सहामाही संपताच तो ईएसआयबाहेर पडतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे म्हातारे आई-वडीलही. पगारवाढ मिळाली आणि छत्र गेले! मधुमेह, रक्तदाब नेमका ज्या वयात डोके वर काढतो, त्याच वयात हे घडते.

म्हणून पगारपत्रक उघडा. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या आणि ‘वेतना’ची व्याख्या बदलली. घरभाडे, प्रवास असे भत्ते ठरावीक मर्यादेपर्यंत वेतनात धरले जात नाहीत. रेषेच्या थोडे वर गेलेली काही माणसे त्यामुळे पुन्हा ईएसआयमध्ये येऊ शकतात. हा हिशेब एजंटाकडून नव्हे, आपल्या पीएफ-ईएसआय सल्लागाराकडून करून घ्यावा.

एवढे करूनही जी चार-सहा माणसे बाहेर उरतील, त्यांच्यासाठीच गट विमा घ्यावा. कर भरावा लागला तरी त्याचा एक मोठा फायदा आहे: त्यात जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मात्र गट लहान असला की एक दावाही जड जातो. समजा, दोन लाखांचा हप्ता आहे आणि एकाची अडीच लाखांची अँजिओप्लास्टी झाली. पुढच्या नूतनीकरणाला कंपनी दर वाढवूनच सांगणार. त्यावर उपाय म्हणून तीन लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप ही जोडणी स्वस्त पडते. खोलीभाड्याची मर्यादा मात्र स्वीकारू नका. महागडी खोली घेतली, की कंपनी नुसते भाडेच नाही, इतर खर्चही त्याच प्रमाणात कापते. आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना आहे, हे नोटीस बोर्डवर लावा.

कंत्राटी कामगारांकडे तर सगळ्यात कमी लक्ष जाते. ठेकेदाराने ईएसआय भरली नाही, तर जबाबदारी मूळ मालकावर येते. आजारपणाच्या भत्त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते; मधेच ‘ब्रेक’ दिलेल्या माणसाचा हा हक्कच बुडतो. चलन आणि हजेरी दर महिन्याला ताडून पाहायला कितीसा वेळ लागतो?

नव्या संहितांबरोबर चाळिशीपुढच्या कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीचीही घोषणा झाली. हप्त्यांच्या चर्चेत ती मागे पडली, पण मला तीच सर्वांत मोलाची वाटते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आज सापडलेली साखर गोळीवर थांबते, दहा वर्षांनी सापडली तर डायलिसिसपर्यंत नेते. मोठ्या कंपन्यांकडे स्वतःचा वैद्यकीय कक्ष असतो, जॉबवर्क करणाऱ्या गाळ्याला तो परवडत नाही. एका गल्लीतल्या आठ-दहा गाळ्यांनी मिळून एक डॉक्टर ठरवावा. साखर आणि रक्तदाब सगळ्यांचा, प्रेस शॉपमध्ये कानांची तपासणी, ग्राइंडिंग आणि फाउंड्रीत फुप्फुसांची. अहवाल कामगाराच्याच हातात द्यावा. साखर वाढलेली निघाली म्हणून एखाद्याचा ओव्हरटाइम बंद केला, तर पुढच्या वर्षी रक्त द्यायला कोणीही पुढे येणार नाही.