वाळवण : उन्हाळ्याने दिलेली ठेव

परीक्षा संपलेल्या असतात, शाळांना सुट्टी लागलेली असते आणि सासरी गेलेल्या लेकी मुलाबाळांसह माहेरी आलेल्या असतात. अशा एखाद्या एप्रिलच्या सकाळी, उन्हे चढण्यापूर्वीच, घराच्या गच्चीवर हालचाल सुरू होते. धुतलेली जुनी सुती साडी अंथरली जाते, तिच्या चारही टोकांवर विटांचे तुकडे ठेवले जातात आणि कुरडयांच्या चिकाचे वाफाळते पातेले दोघीजणी मिळून जिन्याने वर आणतात. एकीच्या हातात सोऱ्या, दुसरीच्या हातात पाण्याचे भांडे. मुलांवर कावळे हाकलण्याची जबाबदारी सोपवलेली असते आणि तिचा मोबदला म्हणून वाटीभर गरम चीक, त्यावर तेलाची धार, आगाऊच मिळालेला असतो.

महाराष्ट्रातील असंख्य घरांत उन्हाळा म्हणजे वाळवणाचा हंगाम होय. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, ताकातल्या मिरच्या या साऱ्यांची बेगमी याच दिवसांत होते. वरवर पाहता हा केवळ स्वयंपाकघरातील एक प्रघात वाटतो. परंतु त्यामागे हवामानाची अचूक जाण आहे, अन्न टिकविण्याचे शास्त्र आहे, शेजारधर्म आहे आणि बचतीचा विचारही आहे.

हंगामाचे गणित

वाळवणाची वेळ योगायोगाने ठरलेली नाही. रब्बी हंगामातील गहू, हरभरा आणि ज्वारी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास घरात येते. धान्य ताजे असते आणि वर्षातील कोरड्या हवेचे दिवस समोर असतात. दुसऱ्या टोकाला जूनमध्ये पाऊस उभा असतो. मॉन्सून मुंबईत पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. जुन्या पिढीचे पंचांग मात्र रोहिणी आणि मृग या नक्षत्रांवरून चालते. मृग लागण्यापूर्वी डबे भरलेले असले पाहिजेत, हा घराघरांतील अलिखित नियम. पूर्वी पावसाळ्यात वाटा बंद होत, बाजार भरत नसे आणि भाजीपाला मिळणे दुरापास्त होई. त्या चार महिन्यांची तरतूद उन्हाळ्यातच करून ठेवणे ही हौस नव्हती, ती गरज होती.

उन्हाचे शास्त्र

अन्न नासते ते प्रामुख्याने जीवाणू आणि बुरशी यांमुळे. या सूक्ष्मजीवांना वाढीसाठी पाणी लागते. शुद्ध पाण्याची उपलब्धता १ मानली, तर पदार्थातील उपलब्धता ०.६ च्या खाली गेल्यावर कोणत्याही जीवाणूची वा बुरशीची वाढ होऊ शकत नाही. वाळवणात हेच साधले जाते. ऊन पाण्याची वाफ करते, कोरडे वारे ती वाफ वाहून नेतात आणि पदार्थातील मीठ उरलेले पाणी धरून ठेवते. म्हणूनच विदर्भ, खानदेश वा मराठवाड्यातील कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत होणारे काम कोकणातील दमट हवेत अधिक दिवस घेते.

कुरडईची कृती पाहिली असता हे ज्ञान किती सूक्ष्म आहे, हे ध्यानात येते. गहू तीन दिवस भिजत घालतात आणि रोज पाणी बदलतात. नंतर ते वाटून, गाळून त्यांचे सत्त्व काढतात. रात्रभर ठेवल्यावर सत्त्व तळाशी बसते आणि वरचे आंबूस पाणी काढून टाकता येते. मीठ व हिंग घातलेल्या उकळत्या पाण्यात हे सत्त्व सतत ढवळत शिजविले की पारदर्शक, चिकट चीक तयार होतो. सोऱ्यातून पाडलेला हा चीक वाळला की त्यातील पिष्ट काचेसारखे कडक होते, परंतु त्यात थोडा ओलावा अडकून राहतो. तापलेल्या तेलात पडताच त्या ओलाव्याची क्षणार्धात वाफ होते आणि कुरडई फुलते. ओलावा फार राहिला तर बुरशी येते, अजिबात राहिला नाही तर कुरडई फुलत नाही. हा मधला बिंदू कोणत्याही उपकरणाविना, केवळ बोटांनी मोडून पाहून ओळखला जातो.

प्रत्येक पदार्थाचे ऊनही वेगळे. उडदाचे पापड लाटल्यावर सावलीतच सुकवितात; कडक उन्हात ते वाकडे होतात आणि चिरतात. पिठात घातलेला पापडखार पीठ लवचीक ठेवतो आणि पापडाला खुसखुशीतपणा देतो. सांडगे लहान आकाराचे घालावेत, असे वडीलधाऱ्या बायका बजावतात, त्यालाही कारण आहे. मोठा सांडगा बाहेरून लवकर कडक होतो, आतला ओलावा कोंडला जातो आणि पावसाळ्यात त्यालाच बुरशी धरते.

प्रांतोप्रांतीची गच्ची

नोकरीनिमित्त बदली होऊन परप्रांतात गेलेल्या कुटुंबांना एक गोष्ट हमखास जाणवते. भाषा बदलते, वाळवण मात्र सुटत नाही. कर्नाटकात त्याला संडिगे म्हणतात आणि आपल्या सांडग्याशी असलेले त्याचे नाते नावातूनच कळते. तमिळनाडूत तांदळाचे वडाम आणि ताकात मुरवून वाळविलेल्या मिरच्या भाताबरोबर तळून खातात. गुजरातेत किसलेली कैरी आणि साखर बरणीत घालून, तोंडाला फडके बांधून, दिवसेंदिवस उन्हात ठेवतात. चुलीचा स्पर्श न होता उन्हावरच छुंदो तयार होतो. राजस्थानात मरुभूमीतील केर आणि सांगरी वाळवून वर्षभर भाजी म्हणून वापरतात. बंगालमधील मेदिनीपूर भागात डाळीच्या बड्या दागिन्यांच्या नक्षीप्रमाणे घालतात, पण तेथे त्यासाठी हिवाळ्यातील कोरडे ऊन निवडले जाते. कोकणात फणसाचे पापड, आंब्याची साठे आणि आमसुले होतात. रातांब्याची साले त्याच फळाच्या रसात पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळविली जातात. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर बोंबील सुकत असतात, कारण पावसाळ्यात मासेमारी बंद राहते. प्रत्येक प्रांताने आपापल्या उन्हाशी असा करार केलेला आहे.

सावडीचा हिशोब

वाळवण हे एकटीने करण्याचे काम नव्हे. शेतकऱ्यांमध्ये एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्याची सावड नावाची पद्धत आहे. वाळवणाच्या दिवसांत तीच गच्चीवर येते. आज जोशी काकूंचे पापड, उद्या शिंदे वहिनींचे, परवा समोरच्या घरचे. प्रत्येकीने आपले पोळपाट-लाटणे घेऊन यायचे. कोणाकडे किती वेळ दिला, याची नोंद कोठेही होत नाही, पण ती प्रत्येकीच्या लक्षात असते. लाटता लाटता लग्ने ठरतात, दुखणीखुपणी सांगितली जातात आणि नव्या सुनेचे अवघडलेपण सरते. मुले पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खातात व रागावून घेतात. उन्हाळ्यातील हे लहानसे आनंद विकत मिळत नाहीत. किंबहुना कामाच्या निमित्ताखेरीज ते मिळतच नाहीत.

याच सावडीतून एक मोठी संस्था उभी राहिली, हे सर्वश्रुत आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिल्याच वर्षी पावसाने त्यांचे काम चार महिने बंद पाडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती योजली आणि उत्पादन अखंड चालू ठेवले. तेच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड म्हणून देशभर पोहोचले. संस्थेच्या सदस्य भगिनी नफा आणि तोटा दोन्हींच्या वाटेकरी असतात. संस्थापक सदस्यांपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले.

श्रमांचे मोल

१९९२ मध्ये नाबार्डने स्वयंसहाय्यता गट बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून अनेक बचत गटांनी वाळवणाला आपला पहिला व्यवसाय म्हणून निवडले आहे. कौशल्य घरचेच, यंत्रसामग्री अल्प आणि ग्राहक ओळखीचा. तथापि यातील काही गट दोन-तीन हंगामांतच थांबतात. माल चांगला असतो आणि विक्रीही होते, चूक असते ती हिशोबात.

समजा, चार मैत्रिणींनी दोन दिवसांत २० किलो उडदाचे पापड केले. डाळीचे पीठ, मसाला, पापडखार आणि तेल यांना ३,२०० रुपये लागले, पिशव्या व इतर खर्च ४०० रुपये. एकूण खर्च ३,६०० रुपये झाला. पापड २४० रुपये किलोने विकले, ४,८०० रुपये आले आणि १,२०० रुपये नफा झाला, असे वाटते. परंतु चौघींचे मिळून आठ दिवसांचे श्रम त्यात गेले आहेत. एका दिवसाच्या श्रमाचे मोल ३०० रुपये धरले, तर २,४०० रुपये होतात. म्हणजे खरा खर्च ६,००० रुपये आणि किलोमागे ३०० रुपये झाला. ज्याला नफा म्हटले, तो वस्तुतः १,२०० रुपयांचा तोटा होता. प्रत्येकीच्या पदरात दिवसाला १५० रुपयेच पडले. घरच्या स्त्रीचे श्रम हिशोबात शून्य धरण्याची सवय व्यवसायातही सोबत येते ती अशी.

यावर उपाय अवघड नाही. वहीत साहित्य, इंधन आणि वेष्टन यांच्याबरोबर श्रमांचा रकाना पहिल्या दिवसापासून असावा. धान्याची खरेदी मार्चमध्ये होते आणि विक्री दिवाळीपर्यंत चालते. तेव्हा कर्ज मागताना परतफेडीचे हप्तेही विक्रीच्या महिन्यांना अनुसरून मागावेत. अन्नपदार्थ विकण्यासाठी आवश्यक असलेली नोंदणी वेळेवर करून घ्यावी. विक्रीची रक्कम रोखीने घरखर्चात न मिसळता गटाच्या खात्यात भरावी. खात्यातील याच नोंदी पुढील कर्जाच्या वेळी गटाच्या बाजूने बोलतात.

आणि जे वाळवण विकायचे नाही, केवळ घरासाठी आहे, त्याचे काय? तेथे रुपयांचा रकाना नको, पण श्रमांची जाणीव हवी. गच्ची आता अनेक घरांना उरलेली नाही. सज्जातल्या दोन हात उन्हात एखादे ताट मावते. तेवढ्यातही अर्धा किलो साबुदाण्याच्या पापड्या होतात. त्या घालायला घरातील पुरुषांनी आणि मुलांनी हात लावला, तर ते कौशल्य पुढच्या पिढीकडे जाईल आणि आजीच्या कंबरेलाही थोडा विसावा मिळेल.

मे महिन्याच्या अखेरीस डब्यांना शेवटचे ऊन दाखवितात. तळाशी कागद घालून, झाकण घट्ट लावून ते फळीवर जातात. जुलैत एखाद्या संध्याकाळी बाहेर पावसाची झड लागलेली असते, घरात भाजी नसते आणि पानात वरणभाताशेजारी तळलेली कुरडई येते. ती मोडताना होणाऱ्या आवाजाने मुलांना पुन्हा गच्ची आठवते, आणि ती घालणाऱ्या हातांची आठवणही त्याच वेळी व्हावी, एवढीच अपेक्षा.