हेल, बोंब आणि उलुध्वनी

आक्रोश भावनेच्या भरात आपोआप फुटतो, त्याला ना नियम ना रीत, अशी सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत असते. परंतु अकोला वा अमरावतीकडच्या एखाद्या खेड्यात मयतीच्या घरी जो घटकाभर बसला असेल, त्याला ती टिकविणे कठीण जाईल. परगावाहून आलेली लेक एस.टी.तून उतरते तेव्हा बहुधा गप्प असते. घर दृष्टीस पडताच मात्र ती पदर तोंडावर घेऊन 'कोनाच्या भरोशावर टाकून गेला रे माह्या बापाऽऽ' असा हेल काढते, आणि ओसरीवरच्या बायका तिच्या गळ्यात पडून त्याच हेलात आपला स्वर मिसळतात. बापाने उपसलेले कष्ट, दिवाळीला घेतलेले लुगडे, भावजयीने केलेली हेळसांड, सारे त्या रडण्यात ओळीने येते. एरवी चारचौघांत उच्चारता न येणारी फिर्याद त्या प्रसंगी सारा गाव मुकाट्याने ऐकून घेतो. मग कोणी वडीलधारी 'पुरे कर वं माय' म्हणते, लेक डोळे पुसते, पाणी पिते आणि कोण कोण पोचले याची चौकशी करू लागते. यात ढोंग नाही. शोक खराच असतो, तो मांडण्याचा शिरस्ता समाजाने घालून दिलेला असतो.

पुरुषाच्या वाट्याला बोंब येते. तोंडावर उलटा हात वारंवार मारला, की लांबविलेला स्वर तुटत तुटत बाहेर पडतो आणि दूरवर वेगळा ओळखू येतो. चितेभोवती पाण्याचे मडके फिरवून फोडल्यावर अशी बोंब मारण्याचा परिपाठ महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. आणि फाल्गुनी पौर्णिमेस होळीभोवती पोरेटोरे मारतात ती बोंबही हीच. एकाच ध्वनीने अंत्यविधी आणि शिमगा दोन्ही साजरे व्हावेत, यावरून आवाजाचा अर्थ आवाजात नसून प्रसंगात असतो, हे उघड होते.

बंगालात विवाहाच्या वेळी स्त्रिया जीभ झपाट्याने हलवून उलुध्वनी करतात, ओडिशात त्यालाच हुळहुळी म्हणतात, आणि अरब देशांतील लग्नघरांतही तसाच थरथरता ललकार उठतो. ही चाल अर्वाचीन नव्हे; छांदोग्योपनिषदात आदित्याच्या जन्माबरोबर असे उलुघोष उठल्याचे वर्णन आहे. स्त्रियांच्या अशा एकत्रित आवाजाचा दरारा राज्यकर्त्यांनाही वाटत आला आहे: इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अथेन्सच्या सोलोनने स्त्रियांच्या मृत्युविलापावर कायद्याने निर्बंध घातले, कारण जाहीर विलापातून जुनी वैरे चेततात, अशी धास्ती त्यामागे असावी.

वऱ्हाडातच या आक्रोशाच्या उलट टोकाची रीतही रुजली आहे. 11 ऑक्टोबर 1968 रोजी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण झाले. त्यांच्या पुण्यतिथीस अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मोठा जनसमुदाय मौन श्रद्धांजली अर्पण करतो. तिथेही शोक ठरल्या क्षणी, ठरल्या रीतीने आणि सर्वांच्या साक्षीनेच होतो. फरक एवढाच, की तिथे कोणी एकटा आपली फिर्याद मांडत नाही.

मयतीची वर्दी देण्याचे हेलाचे काम आता मोबाइलने घेतले आहे, आणि शिकलेल्या सुनांना हेल काढण्याची लाज वाटू लागली आहे. वर्दी पोचेलच, परंतु बापाच्या घरी आपले काय होते आणि काय गेले, हे भर गावात सांगण्याचा जो हक्क त्या हेलाने लेकीला दिला होता, त्याच्या बदली तिला दुसरे काय देणार, याचा विचार त्या हेलास अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी अवश्य करावा.