दातांचे जुलाब

दोन बाळंतपणांमधल्या अंतराबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण मध्ये एक पत्र आलं. जव्हारकडे अंगणवाडीच्या मुख्यसेविका म्हणून काम करून निवृत्त झालेल्या एका बाईंनी विचारलंय, "सहा महिन्यांपर्यंत बाळ छान अंग धरतं. मग दात येऊ लागतात, जुलाब सुरू होतात आणि वजन उतरतं. आया म्हणतात, दातांचे जुलाब आहेत, होणारच. खरंच दातांमुळे होतात का?"

नाही. दात हिरडीतून वर येतात, आतड्याशी त्यांचा संबंध नाही. पण आयांनी हेरलेली वेळ अगदी अचूक आहे. त्याच महिन्यांत बाळ रांगू लागतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. पोटात असताना आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत आलेली असते. अंगावरच्या दुधाच्या जोडीला वाटी-चमचा येतो. सकाळी शिजवलेली पेज दुपारपर्यंत तशीच झाकलेली असते, आणि आई कामावर गेली की भरवणारे हात आठ वर्षांच्या ताईचे असतात.

या वयाचं मला ठाऊक असलेलं सर्वांत बोलकं चित्र ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातलं आहे. सांता मारिया काउके हे तिथलं माया लोकांचं गाव. लिओनार्दो माता या कोस्टारिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात तिथल्या बाळांच्या नोंदी जन्मापासून ठेवायला सुरुवात केली. वजन, आजार, दर आठवड्याला शौचाची तपासणी, असं वर्षानुवर्षं. त्यांच्या १९७८ सालच्या पुस्तकातला एका मुलाचा आलेख पुढे गाजला. वर वजनाची रेघ, खाली प्रत्येक आजाराची आडवी रेघ. आजार जितका लांबला तितकी रेघ लांब. सुरुवातीचे महिने वजन झपाझप चढतं. मग खाली गर्दी होते, एकामागून एक दुखणी येतात, आणि वरची रेघ जवळपास आडवीच पडते.

मी त्या आलेखात दोन आजारांमधली मोकळी जागा पाहतो. एका जुलाबाने मूल कुपोषित होत नाही. भूक मरते, खाल्लेलं नीट अंगी लागत नाही, तापात शक्ती खर्च होते. पण नंतर पोटभर मिळालं तर मूल काही आठवड्यांत झीज भरून काढतं. तेवढ्यात पुढचा आजार आला, किंवा वाटीत नुसती पातळ पेजच राहिली, तर ते जमत नाही. म्हणून "अन्न कमी पडतं की आजार नडतो" हा वाद मला निरर्थक वाटतो. नेविन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात हेच सांगितलं होतं: संसर्ग आणि कुपोषण एकमेकांना बळ देतात. यातले टेलर आपल्याला परके नाहीत. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांचे विद्यार्थी होते.

मग संडास आणि साबणाने काम भागेल? बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये आले. संडास, हात धुण्याची सोय, पाण्यात क्लोरीन, एवढं करूनही मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. बांगलादेशात जुलाब कमी झाले, तरी उंची तेवढीच. पूरक आहाराने मात्र ती वाढली, पण थोडीच. माझ्या मते एकेका घराची स्वच्छता अपुरी पडते. कोंबड्या हिंडतात ते अंगण आणि बाळ रांगतं ती माती तशीच राहते.

पत्रातली दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. दातांचे जुलाब म्हटलं की दवाखाना टळतो आणि पोटाला आराम म्हणून बाळाचं खाणंच तोडतात. जुलाबातही अंगावर पाजत राहायचं, मऊ अन्न द्यायचं, ओआरएस द्यायचं, आणि जुलाब थांबले तरी झिंकचे चौदा दिवस पूर्ण करायचे. शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, बाळ सुस्त झालं किंवा पीतच नसेल, तर लगेच दवाखाना गाठायचा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं: तेलाची धार सोडलेली खिचडी, अंडं, दाण्याचं कूट घातलेली भाजी. ओआरएसचं पाकीट घरी पोचतं, या जास्तीच्या जेवणाचं मात्र मी क्वचितच कुणाला सांगताना ऐकलंय.

भातलावणीच्या दिवसांत आई दिवसभर चिखलात असते आणि जुलाबांचाही तोच हंगाम. तेव्हा हे जेवण शिजवायचं कुणी? त्यात पाळण्यात धाकटं आलेलं असलं तर थोरल्याच्या वाट्याला आई किती येते, हे पुढच्या आठवड्यात, बाळंतपणांमधल्या अंतरासोबतच पाहू.