जुन्या थाटाचे लग्न : भाड्याचे आणि घरचे

गेल्या काही लग्नसराईंत एक नवी हौस ठळकपणे दिसू लागली आहे. वधूवरांना लग्न 'जुन्या थाटाचे' हवे असते. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन, चकती फिरवायचा काळा टेलिफोन, पिवळसर छायाचित्रांची भिंत, झुंबरे आणि दारात चकाकणारी जुनी मोटार असा सरंजाम सजावटकाराकडून एका दिवसासाठी येतो व दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून परत जातो. या हौसेस हरकत घेण्याचे कारण नाही. किंबहुना लेझरचे झोत आणि डीजेचा दणदणाट यांपेक्षा ही आवड कितीतरी शालीन आहे. मात्र दिवाणखान्यात सजावटकार आपले दरपत्रक मांडून बसलेला असतो आणि त्याच घराच्या माळ्यावर पणजीची पेटी बंद पडलेली असते. तिच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हेही कोणास ठाऊक नसते.

जुना थाट म्हणजे नेमका कोणाचा, हा खरा पहिला प्रश्न होय. कोल्हापूर-सांगलीकडील दिगंबर घराण्यात सत्तर वर्षांपूर्वी झालेले लग्न, अहिल्यानगर वा खानदेशातील मारवाडी ओसवाल कुटुंबातील लग्न आणि मुंबईत सी. पी. टँक परिसरातील एखाद्या वाडीत झालेले गुजराती कुटुंबातील लग्न यांचे रूप एकसारखे नव्हते. एकीकडे कोल्हापुरी साज आणि ठुशी, दुसरीकडे कपाळावर बोर आणि गळ्यात आड, तर तिसरीकडे पांढऱ्या-लाल रंगाचे पानेतर आणि घरचोळा. सजावटकाराचा 'जुना काळ' बहुधा चित्रपटांतून उचललेला असतो. त्यात राजस्थानी महाल, लखनवी मैफल आणि साहेबांचा क्लब यांची सरमिसळ असते. तो कोणाच्याच आजीचा नसतो.

म्हणून नियोजनाची पहिली बैठक घरातील ज्येष्ठांबरोबर व्हावी. त्या बैठकीत तीन वस्तू समोर असाव्यात : काळ्या कागदाचा छायाचित्रांचा अल्बम, जपून ठेवलेली कुंकुमपत्रिका किंवा कंकोत्री आणि आहेराची वही. ही वही तर व्यापारी घराण्यांचे वैशिष्ट्यच आहे. लाल कापडी बांधणीच्या त्या पानांवर कोण आले, कोणी काय दिले, एवढेच नव्हे तर पुष्कळदा मांडव, आचारी, वाजंत्री यांच्यावर काय खर्च झाला तेही नोंदलेले असते. व्यापाऱ्याच्या घरी हिशेबाचा कागद सहसा फेकला जात नाही, त्याचा येथे उपयोग होतो.

ही पाने उलटताना एक गोष्ट अनेकांना चकित करते. ज्या काळाला आज वैभवाचा काळ समजले जाते, तो पुष्कळ अंशी टंचाईचा काळ होता. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास काही वर्षे बंदी होती. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला, तो १९९० मध्ये रद्द झाला. अन्नटंचाईच्या त्या दशकात अनेक राज्यांत समारंभात किती पाहुण्यांना जेवू घालावे यावरही सरकारी बंधने होती. त्या वर्षांतील वधूच्या अंगावर दिसणारे दागिने त्यामुळे बहुधा आईचे वा आजीचेच असत. छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यात एका रिळावर चौकोनी बाराच छायाचित्रे निघत, त्यामुळे प्रत्येक छायाचित्रासाठी माणसे थांबत, पदर सावरला जाई, मुलांना पुढे बसवले जाई. आज ज्या डौलाची ओढ वाटते, तो डौल पुष्कळसा त्या थांबण्यातून आला आहे. एखाद्या छायाचित्रकाराला हजारो डिजिटल छायाचित्रांखेरीज फिल्मचे एक रीळ वापरण्यास सांगितले, तर ती बारा छायाचित्रे अल्बममध्ये वेगळीच उठून दिसतील.

दुसरी गोष्ट वेळेची. जैन घरातील जुने लग्न मुख्यतः दिवसाचे असे. रात्रिभोजनाचा त्याग असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी पंगती उठत. आज जुन्या थाटाचा स्वागतसमारंभ रात्री आठ वाजता सुरू होतो, सर्वत्र मंद पिवळे दिवे लागतात, आणि जिच्या काळाची नक्कल चालली आहे ती चौविहार पाळणारी आजी न जेवता कोपऱ्यात बसून राहते किंवा पाच वाजताच घरी जेवून येते. या विसंगतीवर सजावटीतील कोणतेही झुंबर उपाय करू शकत नाही.

उपाय घड्याळात आहे, आणि तो साध्या हिशेबाने निघतो. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाहुणे चारशे, एका पंगतीस शंभर आणि वाढणे-जेवणे-आवरणे मिळून पाऊण तास धरला, तर चार पंगतींना तीन तास लागतात. सायंकाळचे जेवण करायचे झाल्यास पहिली पंगत पावणेतीनलाच बसवावी लागेल, आणि हे गैरसोयीचे आहे. त्यापेक्षा मुहूर्त सकाळचा धरून अकरा ते दोन या वेळेत पंगती उरकाव्यात आणि चार ते साडेपाच 'पानसुपारी' ठेवावी. पानसुपारी हा स्वागतसमारंभाचाच जुना, डौलदार अवतार होता. दारात गुलाबदाणी, मनगटास अत्तराचे बोट, हातात पेढा, बसायला बैठक आणि मागे सनई-चौघडा. चांदीची गुलाबदाणी आणि अत्तरदाणी अनेक घरांच्या कपाटात काळी पडून आहे. ती घासली तरी पुरे. हिवाळ्यातील चार वाजताचे तिरपे ऊन छायाचित्रांनाही कोणत्याही दिव्यापेक्षा अधिक मानवते.

मिठाईबाबत एक सावधगिरी. जुना थाट म्हटला की आचारी हमखास चांदीचा वर्ख सुचवतो. पारंपरिक पद्धतीत हा वर्ख जनावरांच्या कातड्याच्या वा आतड्याच्या पानांमध्ये ठेवून कुटला जातो. यंत्रावर, कागदात बनवलेला वर्ख मिळतो. तो मागून घ्यावा, अथवा केशर-पिस्त्यावर समाधान मानावे.

जुन्यातील सगळेच परत आणण्याजोगे नसते, हेही येथेच नमूद केले पाहिजे. वरातीत डोक्यावर जड गॅसबत्त्या घेऊन मैलभर चालणाऱ्या माणसांचे दृश्य छायाचित्रात सुंदर दिसते. त्या मानेला काय वाटत असेल याचा विचार केला की ती हौस आपोआप मावळते. हुंड्याची प्रथाही त्याच 'सुवर्णकाळा'तील होय. १९६१ चा कायदा तिच्याविरुद्धच करावा लागला.

आता पेटीतील साडीकडे वळू या. जुन्या पैठणीतील खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार व तिच्यावर सोन्याचा मुलामा. नंतरच्या काळात तांब्याच्या तारेवर मुलामा देण्याची पद्धत आली आणि आता तर पॉलिस्टरची चकाकणारी पट्टीही जर म्हणून खपते. खऱ्या जरीत चांदी असल्यामुळेच जुन्या साड्या वजनावर विकत घेणारे दारोदार फिरत. ते साडी जाळून चांदी काढीत आणि विणकराचे कित्येक महिन्यांचे काम राखेत जाई. आजही असा सौदा करण्यापूर्वी घरातील मुलींना एकदा विचारावे. साडी धारण करायची असेल तर ती लग्नाच्या आठवड्यात नव्हे, चार महिने आधी उघडावी. घड्यांवर रेशीम फाटत असेल तर अनुभवी रफूगाराला दाखवावी. अंग अगदी विरले असेल तर पदर आणि काठ उतरवून नव्या वस्त्रावर बसवता येतात. जपून ठेवताना मलमलीत गुंडाळावी, घडी अधूनमधून बदलावी, धातूच्या हँगरवर टांगू नये आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत.

येथे जैन घरात एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. सर्वसाधारण रेशमासाठी कोश उकळले वा वाफवले जातात आणि आतील जीव मरतो. म्हणून अनेक कुटुंबे रेशीम घेतच नाहीत. आजीची साडी नेसल्याने नवा कोश उकळला जात नाही, असे काहींचे मत. तर नेसल्याने त्या वस्त्राची प्रतिष्ठा वाढते व पाहणाऱ्यांना नवे घेण्याचा मोह होतो, असे दुसऱ्यांचे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि निर्णय ज्या त्या घरानेच करावा. फक्त तो वधूच्या व सासरच्या मंडळींच्या संमतीने, आधी व्हावा. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांपासूनचे अहिंसा रेशीम मिळते; धागा तुटलेला असल्याने तो सूत काढावे तसा कातावा लागतो आणि चमक सौम्य असते. जरीकाठी सुती वस्त्रही जुन्या छायाचित्रांत पुष्कळ आढळते व त्याचा भारदस्तपणा कमी नाही. पेटीत हस्तिदंती चुडा निघाला, तर तो आठवण म्हणून जपावा. हस्तिदंताचा व्यापार आज कायद्याने निषिद्ध आहे.

दागिन्यांच्या बाबतीत तर सर्वांत मोठी चूक होते, आणि ती पैशातही मोजता येते. सध्या 'अँटिक फिनिश'चे दागिने लोकप्रिय आहेत. म्हणजे नवे सोने मुद्दाम काळसर करून जुने भासवलेले. ते घेण्यासाठी आजीचा साज मोडीत दिला जातो. मोडीत लाखेचे वजन वजा होते, खड्यांना जवळपास किंमत मिळत नाही, वितळताना घट धरली जाते. नव्या दागिन्यावर घडणावळ लागते आणि त्यावर तीन टक्के जीएसटी. खरे जुने भट्टीत घालून खोटे जुने विकत घेण्याचा हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय जुना दागिना देऊन नवा घेणे हे आयकराच्या दृष्टीने हस्तांतरणच ठरते. भांडवली नफ्याचा विचार करावा लागतो. दागिना १ एप्रिल २००१ पूर्वीचा असल्यास त्या दिवशीचे बाजारमूल्य खरेदीमूल्य म्हणून धरता येते, त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाचे प्रमाणपत्र हाताशी असावे.

हॉलमार्क नाही म्हणून जुना दागिना निरुपयोगी होत नाही. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आलेली सक्ती सराफाच्या विक्रीवर आहे, घरातील दागिन्यांवर नाही. शुद्धता हवीच असेल तर तपासणी केंद्रातून करून घेता येते. उलट नवे कुंदन, पोलकी व जडाऊ दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत. तेथे बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, शुद्धता आणि खड्यांची किंमत वेगवेगळी लिहून घेणे अत्यावश्यक आहे. जुन्या वहीतील वजन वाचतानाही जपावे. पूर्वीचा तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता, आज बाजारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. दहा तोळ्यांच्या नोंदीत त्यामुळे सोळा-सतरा ग्रॅमचा फरक पडतो आणि विनाकारण कोणावर तरी संशय येतो.

जुना दागिना वापरण्याजोगा करणे फारसे कठीण नसते. पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्यावा, फिरकी व कड्या तपासाव्यात, उजळण्यास देताना आधी व नंतर वजन करावे. कुंदनाच्या दागिन्यास आम्ल वा यंत्राची धुलाई वर्ज्य. आतील लाख सुटते.

मात्र त्याहून नाजूक भाग मनांचा आहे. आजीचा साज एका नातीच्या लग्नात निघाला की दुसऱ्या नातीच्या मनात प्रश्न येतोच, आणि तो कोणी बोलून दाखवीत नाही. साज आजीचे स्त्रीधन आहे. म्हणून तो द्यायचा की नेसत्या दिवसापुरता घालायला द्यायचा, हे आजीनेच सर्वांसमक्ष सांगावे. काही घरांत साज आजीच्याच नावे राहतो व प्रत्येक नात आपल्या लग्नात तो घालते. पुढील व्यवस्था मृत्युपत्रात लिहिलेली असते. ही रीत अनुकरणीय आहे. प्रत्येकीचे त्याच साजातील एक छायाचित्र एकाच अल्बममध्ये लागते, आणि वाद उद्भवत नाहीत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पत्रिका जुन्या खिळ्यांच्या छपाईची हवी असल्यास ट्रेडल चालवणारा मुद्रक शोधावा लागेल आणि त्याला सहा आठवडे द्यावे लागतील. मजकूर मात्र घरच्या जुन्या पत्रिकेवरूनच घ्यावा. मोटारीबाबत २०२१ चे नियम ध्यानात ठेवावेत : पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाडीची 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी झाली असेल, तर ती व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. भाड्याने घेण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. एखाद्या स्नेह्याच्या पडवीतील जुनी फियाट वा अँबॅसिडर फुलांनी सजवली तर अडचण नाही आणि तिच्यात बसलेल्या वडीलधाऱ्यांना गप्पांचे विषयही सुचतात.

लॉकरचेही वेळापत्रक आखावे. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी आणि रविवारी बँका बंद असतात. रविवारच्या लग्नासाठी दागिने शुक्रवारीच काढावे लागतात आणि सोमवारपर्यंत घरी राहतात. तेवढ्या दिवसांचा विमा उतरवावा. काढताना प्रत्येक नगाचे वजन व छायाचित्र यांची यादी करावी, दोघांनी सह्या कराव्यात, आणि सोमवारी दागिने परत ठेवताना तीच यादी पुन्हा ताडून आहेराच्या नव्या वहीत चिकटवावी.